बावटा खाली आला की धावायचं

मी पहिल्यांदा ब्रेडबोर्ड घरी आणला त्या दिवशी आमच्या ह्यांनी विचारलं होतं, "बोर्ड आला, मग पाव कुठे आहे?" लग्नाला वर्षही झालं नव्हतं, म्हणून मी हसले. ती माझी चूक. तेव्हापासून आजतागायत ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हाच विनोद ऐकवतात. पाहुणे हसतात आणि मग हळूच मला विचारतात, "पण म्हणजे असतं काय ते?" तर ते आधी सांगून टाकते.

ब्रेडबोर्ड म्हणजे तळहाताएवढी पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. तिला शेकडो बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या आत धातूची एक चिमटी. सर्किटमधल्या भागांना तारेचे पाय असतात. ते पाय भोकात खोचले की चिमटी त्यांना धरून ठेवते आणि जोडणी होते. चुकलं तर उपटायचं, दुसरीकडे खोचायचं. दिवसातून पन्नासदा विचार बदला, कोणी नाव ठेवत नाही. सर्किट मनासारखं चालायला लागलं की तेच भाग तांब्याचे ठिपके असलेल्या बोर्डावर बसवायचे आणि सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथील-शिशाने, कायमचे जोडून टाकायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर ब्रेडबोर्ड हा बघण्याचा कार्यक्रम आणि सोल्डर हे लग्न.

हे लग्न लावायला मी मुंबईत शिकले. माहेरी असताना सात वर्षं एका कंपनीत लाइनवर बसून मी सोल्डर मारला. समोरून बोर्ड सरकत यायचे आणि प्रत्येकावर माझे ठरलेले नऊ डाग द्यायचे. आमच्या सुपरवायझरबाई डाग नुसता बघून सांगायच्या, "हा चकाकत नाही, हा मेलेला आहे." चांगला डाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो. तारेला आणि तांब्याला दोघांनाही आधी ताप द्यावा लागतो, मग सोल्डर आपणहून पसरतो. घाई करून वरच्यावर थापला तर दिसायला जोडलेला, पण आतून सुटा राहतो. त्याला आम्ही 'ड्राय' म्हणतो. ड्राय डाग आज चालतो, उद्या चालतो आणि नेमका नको त्या दिवशी दगा देतो.

लग्न होऊन मी रेवदंड्याला आले. हे एसटीत कंडक्टर, घराला मागे नारळ-सुपारीची लहानशी वाडी आणि पुढे पडवी. त्या पडवीत टेबल मांडून मी आधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत होते. पुढे ती यंत्रं गेली आणि लोक नवीन काहीतरी बनवून मागायला लागले. टाकी भरली की वाजणारी घंटी, वाडीतला पंप बंद करणारा टायमर, लग्नाच्या मांडवातल्या धावणाऱ्या माळा. माझं नाव 'बोर्डवाली काकी' पडलं ते तेव्हापासून.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. हरिहरेश्वरच्या बाजूला लॉज चालवणारे एक गृहस्थ टाकीची घंटी न्यायला आले. टेबलावर ब्रेडबोर्डवर रंगीबेरंगी वायरींचं जंगल होतं, आणि शेजारी तेच सर्किट सोल्डर करून काड्यापेटीएवढ्या डबीत बसवलेलं. मी डबी पुढे केली तर म्हणाले, "एवढंसंच? नको, मला तो मोठा द्या, त्यात काम जास्त दिसतंय." त्यांची समजूत घालता घालता माझा चहा निवाला. शेवटी डबीवर दोन बिनकामाचे लाल दिवे लावून दिले, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

पण ब्रेडबोर्ड मी कधी कोणाला देत नसे, त्याला कारण आहे. फार पूर्वी एका बर्फाच्या कारखान्याच्या मालकांनी अलार्मची घाई केली आणि सोल्डर होईपर्यंत ब्रेडबोर्डच उचलून नेला. आमच्याकडची हवा खारी. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, शिवणयंत्राच्या सुया, कशालाच ती सोडत नाही. नऊ दिवसांत चिमट्यांवर हिरवा गंज चढला, अलार्म मुका झाला, खोलीतलं बर्फ वितळलं आणि बंदरावर होड्या बर्फावाचून खोळंबल्या. तेव्हा मी नियम केला. ब्रेडबोर्ड उंबऱ्याच्या बाहेर जाणार नाही. हा नियम मी एकदाच मोडला, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याला अजून दहा-बारा दिवस होते. कोळीवाड्यातल्या हिराबाई सून आणि नात घेऊन पडवीत आल्या. हिराबाई रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात जातात, आवाज खणखणीत. सून सुवर्णा. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले. ओठ वाचते, फोनवर भराभर लिहिते, बोलते मात्र क्वचित. हिराबाईंच्या कडेवर चार महिन्यांची पोर होती, ओवी. ओवीने आल्या आल्या माझ्या टेबलावरचा सोल्डरचा रीळ धरला आणि तोंडात घालायला निघाली. मी तो सोडवून घेतला तर तिने असा काही भोंगा पसरला की समोरच्या दुकानातले लोक वळून बघू लागले. सुवर्णा पाठमोरी उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती, आणि पोर सासूच्या हातात होती. सुवर्णाला काहीच कळलं नाही.

"बगितलं ना?" हिराबाई म्हणाल्या. "ह्योच घोर हाय."

घोर असा होता. मुलगा प्रवीण बोटीवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रावर. हिराबाई सकाळी बाजारात. सुवर्णा घरासमोर उन्हात बोंबील सुकवते. पोर घरात झोळीत. पोर रडली तर आईला ऐकू जायचं नाही, म्हणून सुवर्णा दर पाच-दहा मिनिटांनी काम टाकून आत जाऊन बघायची. काम होईना आणि जिवाला स्वस्थता नाही. हिराबाईंची मुलगी मंदा रेवसजवळ बोडणीला दिलेली. तिला दोन मोठे मुलगे, मुलीची हौस राहून गेलेली. ती म्हणाली होती, भाऊबीजेला येईन तेव्हा ओवीला घेऊन जाईन, चालायला लागली की परत आणते.

"मंदा वाईट नाय हां," हिराबाई म्हणाल्या. "मायेची हाय. नि पोरीचं भलंच व्हईल. पन ही आयकंल तं ना! तीन दिस जेवली नाय."

सुवर्णाने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, 'काकी, बाळ रडलं की मला कळलं पाहिजे. तेवढं करा. बाकी सगळं मला येतं.'

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाजारात तयार यंत्रं मिळतात, त्यांनी एक मागवलंही होतं. पण ते बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं निघालं. फोन थरथरवून कळवावं, तर हात दिवसभर ओल्या मासळीत, फोन जवळ ठेवणार कुठे? मी म्हटलं, दिवा लावू. ब्रेडबोर्डवर माइक खोचला, ओवीने तिथल्या तिथे नमुन्याचं रडून दाखवलं आणि दिवा पेटला. सुवर्णाने तो दिवा उचलून बाहेर अंगणात नेला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ऐन उन्हात पेटलेला आणि विझलेला दिवा सारखाच दिसत होता. मी एवढी शहाणी, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग तिनेच तोड काढली. हाताने होडीचा आकार केला आणि बोट उभं करून त्यावर फडफड दाखवली. बावटा! खाडीत शंभर होड्या असल्या तरी आपल्या होडीचा बावटा कोळणीच्या नजरेतून सुटत नाही. मी भंगारातून रिक्षाच्या वायपरची मोटर आणली. काच पुसायला जशी ती इकडून तिकडे हलते, तशीच बांबूला लावली की बावटा हलवते. बाळ रडलं की माइक ऐकणार, सर्किट मोटर चालू करणार आणि दाराशी लाल बावटा हलायला लागणार. सुवर्णाने आपली बसायची जागा फिरवून दाराकडे तोंड केलं.

खरी कसोटी पुढेच होती. पहिल्या दिवशी बावटा कावळ्याला हलला. मग शेजारच्या कुकरला हलला, मासळीच्या टेम्पोच्या हॉर्नला हलला आणि हिराबाई फोनवर बोलायला लागल्या की हलायचा थांबेचना. आळीतल्या बायका हसून बेजार झाल्या. मी रोज दुपारी ब्रेडबोर्ड घेऊन त्यांच्या ओटीवर बसायची, एक भाग काढायची, दुसरा खोचायची. आणि बाळ रडायची वाट बघायची. आयुष्यात मी इतकी वर्षं काम केलं, पण बाळ रडलं म्हणून आनंद झालेली ती पहिलीच वेळ.

बाळ रडतं कसं, ते मी तेव्हा नीट ऐकलं. लांब टाहो, मग श्वास घ्यायला विश्रांती, मग परत टाहो. कावळ्याची काव आखूड असते. कुकरची शिट्टी लांब, पण तिला दुसऱ्या शिट्टीची घाई नसते. मी सर्किटला मोजायला शिकवलं. थोड्या थोड्या अंतराने लांब आवाज तीनदा आला तरच हलायचं. दोन आठवड्यांनी बावटा फक्त ओवीला हलायला लागला. अगदी हिराबाईंनासुद्धा नाही.

आता ते घरी आणून सोल्डर करायचं, हा माझा शिरस्ता. पण सुवर्णाने डबा दोन्ही हातांनी धरला. ब्रेडबोर्ड मी एका प्लॅस्टिकच्या जेवणाच्या डब्यात ठेवला होता, तो. तिने लिहिलं, 'चालतंय. नका नेऊ.' मी म्हटलं, ठीक आहे, हा राहू दे, मी घरी दुसरा सोल्डर करून आणते आणि मग बदलू. दोन दिवसांचं काम होतं.

ते दोन दिवस मी काढले नाहीत. दिवाळी तोंडावर आलेली. पडवीत बिघडलेल्या माळांचा ढीग आणि प्रत्येकाला आजच हवी. उद्या करू, उद्या करू म्हणत आठ दिवस गेले. मला खारी हवा ठाऊक होती. बर्फाचा कारखाना ठाऊक होता. तरीही मी माळा दुरुस्त करत बसले. ह्याला दुसरं नाव नाही, आळस आणि हाव.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी हिराबाई आल्या. कडेवर ओवी होती. त्यांनी तो डबा माझ्या टेबलावर ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. हिराबाईंचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"बाजारातून आले तं पोर निली-काली झालेली. रडून रडून आवाज बसलाय. नि ही बाहेर बसून बोंबील टांगतंय. मी हात धरून आत आनली तवा कललं तिला."

"बावटा हलला नाही?"

"नाय. ती सारखी बावट्याकरंच बगत व्हती, बाय. आदी दर घटकेला आत जाऊन बगायची. तुमच्या यंत्रावर भरोसा ठेवला नि जायची बंद झाली."

ओवीने माझ्याकडे बघून तोंड उघडलं, पण त्यातून नुसता घोगरा श्वास निघाला. मला तो अजून ऐकू येतो. यंत्र नव्हतं तेव्हा पोरीला आईचे डोळे होते. मी यंत्र दिलं आणि ते डोळे काढून घेतले, आणि मग यंत्रही मेलं. डबा उघडून बघितला. माइकची वायर ज्या भोकात होती तिथली चिमटी हिरवी पडून ढिली झाली होती. बोट लावताच वायर बाहेर आली.

"जाऊ द्या," हिराबाई म्हणाल्या. "तुमी लय केलंत. भाऊबीजेला मंदा येतंय, नेईल ती."

त्या गेल्यावर मी माळांचा ढीग उचलून खाटेखाली सारला. ह्यांनी विचारलं, "लोक न्यायला आले तर?" मी म्हटलं, "तुम्ही कंडक्टर होता ना? सांगा गाडी फुल आहे म्हणून." त्यांनी पुढचे चार दिवस दारात खुर्ची टाकून खरोखर तेच सांगितलं.

सोल्डर मारणं सोपं होतं. पण नुसतं तेच सर्किट पक्कं करून भागणार नव्हतं, हे मला कळलं होतं. सोल्डर कितीही चांगला असला तरी कधीतरी बॅटरी उतरेल, उंदीर वायर कुरतडेल, काहीतरी होईलच. तेव्हा बावटा पुन्हा गप्प राहील आणि गप्प बावटा बघून आई समजेल की बाळ झोपलंय. चूक जोडणीत होती तशी माझ्या विचारातही होती. बावटा हलला की धोका, हे मी ठरवलं होतं. त्यामुळे मेलेलं यंत्र आणि झोपलेलं बाळ बाहेरून सारखंच दिसत होतं.

मग मी सगळं उलटं केलं. बावटा कायम वर राहणार. वर आहे तोवर बाळ ठीक आणि यंत्रही ठीक. बावट्याची दोरी कप्पीवरून घराच्या आत आणायची, तिच्या टोकाला लोखंडी चकती, आणि ती चकती विजेच्या चुंबकाने धरून ठेवायची. चुंबक मला एका भंगारात टाकलेल्या दाराच्या कुलपात मिळालं. बावट्याच्या बाजूला जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं बांधली. बाळ रडलं की सर्किट चुंबकाची वीज तोडणार, चकती सुटणार आणि बावटा धपकन खाली. आणि बॅटरी उतरली तरी खाली. बोर्ड जळला तरी खाली. माइकमधून सतत एक बारीकसा करंट वाहत असतो, तो थांबला तरी खाली. पुन्हा वर चढवायचा तर चकती हाताने ओढून चुंबकाला लावावी लागणार, आणि चुंबक मी झोळीच्या शेजारी भिंतीवर बसवणार होते. म्हणजे बाळापाशी आल्याशिवाय बावटा वर जाणारच नाही.

धनत्रयोदशीला सुवर्णा एकटीच आली. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. ओठ तिच्याकडे करून म्हटलं, "चुकलं माझं." तिने माझ्याकडे बघितलं आणि स्टूल ओढून बसली. मी बिट, म्हणजे सोल्डर लावायची सळी, तापवली. सोल्डरमधल्या राळेचा वास सुटला. एकेक भाग ब्रेडबोर्डवरून उपटायचा, त्याचे पाय घासायचे आणि नव्या बोर्डावर बसवायचे. ती माझ्या हाताकडे एकटक बघत होती. दहा-बारा डाग झाल्यावर तिने हात पुढे केला. मी आधी तिला तुटक्या बोर्डावर शिकवलं. आधी दोघांना ताप द्यायचा, मग सोल्डर लावायचा, आणि तो थंड होईपर्यंत हलायचं नाही. तिचे पहिले चार डाग मेलेले निघाले. पाचवा असा चकाकला की मी तिच्या पाठीवर थापच मारली. नरकचतुर्दशीला ती अभ्यंगस्नान उरकून केस ओले असतानाच आली. त्या बोर्डावरचे निम्मे डाग तिचे आहेत, आणि कुठले ते मलाही आता सांगता येणार नाही.

माइकची वायर मात्र सोल्डर केली नाही. माइक कधीतरी बदलावा लागणार, म्हणून ती स्क्रूच्या खोबणीत बसवली आणि तो स्क्रू कसा आवळायचा ते तिला दाखवलं. शेवटी बोर्डाला खाऱ्या हवेपासून वाचवायला वार्निश हवं होतं, ते संपलेलं. सणाच्या सकाळी दुकान बंद. मी कपाळाला हात लावला तशी सुवर्णा घरी पळाली आणि तिच्या लग्नातली नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. गडद गुलाबी. मुंबईच्या लाइनवर कोणी असा बोर्ड पाठवला असता तर सुपरवायझरबाईंनी त्याला घरी बसवलं असतं. पण नेलपॉलिश वाळलं की पाणी आत जाऊ देत नाही. आम्ही दोघींनी मिळून तो बोर्ड गुलाबी केला.

लक्ष्मीपूजनाला यंत्र बसवलं. पाडव्याला दिवसभर चाललं, ओवीने सहा वेळा बावटा पाडला. आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज.

हिराबाईंनी मला जेवायला बोलावलं होतं. खरं तर बोलावलं नसतं तरी मी गेले असते. मंदा सकाळीच आली होती. भावाला ओवाळून झालं, प्रवीण बोटीवर इंजिनाचं काहीतरी बघायला गेला. सुवर्णा बाहेर उन्हात होती, कारण आदल्या दिवशी आलेले बोंबील पडून राहिले तर वास मारतात. मासळीला भाऊबीज नसते. ओवी झोळीत झोपली होती आणि झोळीशेजारी मंदा बसली होती. गोल चेहऱ्याची, मांडी घालून ऐसपैस बसलेली बाई. तिने ओवीसाठी दोन झबली शिवून आणली होती, टाके बारीक आणि सरळ. ती झबली बघून मला तिचा राग येईना, आणि राग येत नाही ह्याचाच राग आला.

मी तिला यंत्र समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नि ह्यो बिघडला तं?"

"बिघडला तर बावटा पडतो."

"आदी पन असंच काय तरी सांगितलं व्हतं ना आयेला?"

मी मान डोलावली. हिराबाई चुलीकडे बघत बसल्या. मंदाने झोळीवरून नजर भिंतीवरच्या यंत्राकडे नेली. मग तिने हात लांब केला आणि माइकची वायर धरून सरळ उपटून काढली.

चकती सुटली. दोरी सळसळत कप्पीवरून गेली आणि बाहेर वजनं जमिनीवर आदळली. ओवी झोपलेलीच होती, घरात कोणाचा आवाज नाही. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. चार म्हणायच्या आत सुवर्णा दारात होती.

तिने आमच्यापैकी कोणाकडेही बघितलं नाही. कोपरापर्यंत हात मासळीच्या पाण्याने भरलेले, म्हणून ते दोन्ही मागे धरले आणि वाकून आपला गाल पोरीच्या छातीला लावला. तशीच राहिली. छाती वरखाली होतेय, हुंदका नाही, ताप नाही, एवढं सगळं ती गालाने बघत होती.

मंदाच्या हातात वायर तशीच होती.

"आये," ती म्हणाली, "ही तं रडायच्या आदीच आली."

हिराबाई चुलीपासून वळल्या.

"मना दोन कान हायत. माझा थोरला रडायचा तवा मी भाकरी थापून मगच उठायची." तिने पदराने डोळे पुसले. "मी नाय नेत पोरीला. हितंच बरी हाय ती."

मी तोंडाला पदर लावला आणि सरळ रडले, लपवलं नाही. हिराबाईही रडत होत्या. आणि मग आम्हा तिघींच्या एकदमच लक्षात आलं की निकाल लागला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला, आणि जिचा होता तिला माहीतच नाही. ती अजून वाकून पोरीच्या छातीवर गाल ठेवून होती.

हिराबाई उठल्या. सुनेच्या हनुवटीला धरून त्यांनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"पोर. तुज्याकरंच. राहनार."

सुवर्णा त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग बोट फिरवून खूण केली, परत सांगा. हिराबाईंनी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि हिराबाईंनी तिसऱ्यांदाही सांगितलं.

मग तिने साडीला हात पुसले, मंदाच्या हातातली वायर घेतली, खोबणीत घालून स्क्रू आवळला, दोरी ओढून चकती चुंबकाला लावली आणि बाहेर उरलेले बोंबील टांगायला गेली.